झुरळ सोपं, बल्बासोर अवघड

ओरिगामीत पोकेमॉन कार्टूनमधल्या बल्बासोरपेक्षा झुरळ सोपं, असं म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. सहा पाय, लांब मिशा, पंख, एवढं सगळं एका चौकोनी कागदातून काढायचं म्हणजे डोक्याला ताप. आणि कार्टूनमधला तो बुटका, रुंद तोंडाचा, आखूड पायांचा प्राणी म्हणजे पोरखेळ, असाच कुणाचाही समज होईल. पण कागदाला टोकं आवडतात. घडीवर घडी घालत गेलं की तो आपसूक निमुळता होतो. पाय, मिशा, नांग्या, शिंगं ही त्याची हौसेची कामं. गोल गाल, फुगीर पोट, जाड मान म्हटलं की तो अडून बसतो.

शिवाय झुरळाचा मधला पाय मागच्यापेक्षा किती आखूड असतो, हे मोजायला कोण बसलंय? बल्बासोरचे कान जरा फाकले की चौथीतलं पोर ताबडतोब सांगतं, हा तो नाही.

नव्वदच्या दशकात जपानमधल्या ओरिगामी कलाकारांत किड्यांवरून चांगलीच चुरस लागली होती. एकाने पायवाला भुंगा केला की दुसरा शिंगवाला करणार, तिसरा पंख उघडलेला. 'बग वॉर्स' या नावाने तो काळ ओळखला जातो. याच सुमारास कागदातून हवी तेवढी टोकं हव्या त्या लांबीची कशी काढायची, याचं गणित पक्कं होत गेलं. जपानमध्ये तोशियुकी मेगुरो आणि अमेरिकेत रॉबर्ट लँग यांनी वर्तुळं मांडण्याची पद्धत आपापल्या वाटेने बसवली. लँग मुळात लेसरवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ; २००१ साली नोकरी सोडून ते पूर्णवेळ ओरिगामीत आले. प्राण्याचं काडीचित्र दिलं की घड्यांचा आराखडा काढून देणारं 'ट्रीमेकर' हे सॉफ्टवेअर त्यांचंच. पण काडीचित्रात पोकेमॉनमधला पिकाचू आणि उंदीर सारखेच दिसतात, आणि कार्टूनवाल्याची खरी अडचण तिथेच सुरू होते.

मी पोटासाठी खोकी करतो. म्हणजे भोसरीतल्या एका कारखान्यात कोरुगेटेड खोक्यांच्या डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचे साचे, काढतो. कुठे क्रीज, कुठे कट, कुठला फ्लॅप आधी आत जाणार, दिवसभर हेच. ओरिगामीचा नाद त्याआधीचा, शाळेपासूनचा. पुण्यात ओरिगामी म्हटलं की अनिल अवचटांचं नाव निघतंच. त्यांच्यामुळे कागदाच्या घड्या ही मोठ्या माणसांनीही करायची गोष्ट आहे, हे आमच्या घरच्यांना पटलं होतं. नाहीतर 'अभ्यास सोडून कागद कसले कुरतडतोस' हे वाक्य ठरलेलं.

बल्बासोरची फर्माईश भाच्याची. मी त्याला पिवळ्या घोटीव कागदाचं पिकाचूचं तोंड करून दिलं होतं. त्रिकोण, दोन कान, आणि कानांच्या टोकांना त्यानेच काळं स्केचपेन फासलं.

"मामा, पिकाचू सगळ्यांनाच येतो. तू पहिल्या नंबरचा कर ना."

पहिल्या नंबरचा म्हणजे बल्बासोर. १९९६ साली जपानमध्ये पोकेमॉनचे पहिले गेम आले तेव्हा त्यात १५१ प्राणी होते आणि यादीत पहिला हा. आमच्या पिढीने हे सगळं कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पाहिलं. त्यामुळे मला वाटलं होतं की तो डोळ्यांसमोर आहेच, चित्र बघायची काय गरज.

तरी सुरुवात चित्रापासूनच केली. मोबाइलवर त्याची बरीच चित्रं लावून वहीत रेघोट्या मारल्या. निळसर हिरवं अंग, त्यावर गडद ठिपके, पाठीवर हिरवा कंद, त्रिकोणी कान, लाल डोळे, रुंद तोंड, आखूड पायांना प्रत्येकी तीन पांढरी नखं. पोकेमॉनच्या कॅटलॉगमध्ये उंची ०.७ मीटर आणि वजन ६.९ किलो दिलंय, म्हणजे वजनाने साधारण लठ्ठ मांजर. यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं? खऱ्या प्राण्याच्या बाबतीत हे सोपं असतं, कारण खऱ्या हत्तीत सोडून देण्यासारखं खूप असतं. कार्टूनमध्ये चित्रकाराने आधीच सगळं सोडून दिलेलं असतं. जे उरलंय ते मुद्दाम ठेवलेलं. त्यातलं आणखी काही काढायचं म्हणजे धाडसच.

म्हणून एक प्रयोग केला. सोसायटीतल्या पोरांना जिन्यात बसवून कागद-पेन्सिल दिली आणि न बघता बल्बासोर काढायला सांगितलं. कंद सगळ्यांनी काढला. कान बहुतेकांनी. तोंड सगळ्यांनी रुंद काढलं, एकाने तर कानापासून कानापर्यंत. नखं काहींनी, आणि अंगावरचे ठिपके एकानेही नाही. माझी यादी तिथेच ठरली: कंद, कान, तोंड, आणि जमिनीला चिकटून उभं राहण्याची ती ढब. बाकीचं जमलं तर.

आठवणीतलं चित्र आणि खरं चित्र यांत फरक असतो, हेही विसरून चालत नाही. पिकाचूच्या शेपटीचं टोक काळं असतं, असं छातीठोकपणे सांगणारे तुम्हाला पावलोपावली भेटतील. काळी असतात ती कानांची टोकं. शेपटी पिवळीच, फक्त बुडाशी तपकिरी. आता ओरिगामीवाल्याने कुणाचं ऐकायचं, चित्राचं की लोकांच्या आठवणीचं? माझं मत असं की जोडायचं ते चित्राप्रमाणे आणि गाळायचं ते आठवणीप्रमाणे. नसलेला काळा शेंडा मी लावणार नाही. कुणालाच न आठवणारे ठिपके मात्र खुशाल गाळीन.

नियमही आधी ठरवून घेतले. एक चौकोन. कात्री नाही, डिंक नाही, स्केचपेन नाही. पोरांच्या कामात स्केचपेन वापरायला माझी काहीच हरकत नसते, उलट त्यांना तेच आवडतं. पण स्वतः डिझाइन करताना पेनाची सवलत घेतली की सगळे अवघड प्रश्न पेनावर ढकलले जातात. मग कागदाकडून काय काढून घेतलं?

रंगाचा हिशेब असा: कागदाला दोन बाजू, म्हणजे दोन रंग. एका बाजूला निळसर हिरवा, दुसऱ्या बाजूला पोपटी. अंग एका रंगाचं, कंद दुसऱ्या. लाल कुठेच नाही, त्यामुळे डोळे रंगाने दाखवता येणार नाहीत. नखांचा पांढराही गेला.

पहिली मांडणी केली ती सरळ चौकोनावर, उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवून. वरचे दोन कोपरे कान, खालचे दोन मागचे पाय, दोन्ही कडांच्या मधोमध पुढचे पाय, आणि पाठीवरचा कंद कागदाच्या मध्यातून. बघायला फार सुबक मांडणी. तोंड रुंद येतं, कान अगदी जागच्या जागी. फक्त कंद पोपटी होत नाही. दुसरी बाजू दाखवायची तर कागदाची मोकळी कड कुठून तरी उलटवावी लागते, आणि मध्यातल्या कागदाला कड असतेच कुठे? चारी बाजूंनी तो कागदानेच वेढलेला. कडेपासून मध्यापर्यंत कागद ओढत आणायचा म्हटलं तर वाटेत पायांचा बळी जातो.

शिवाय मध्यातलं टोक महाग पडतं. वर्तुळांच्या पद्धतीत प्रत्येक टोकासाठी त्याच्या लांबीएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ कागदावर राखून ठेवावं लागतं. टोक कोपऱ्यात घेतलं तर पाव वर्तुळात भागतं, कडेवर घेतलं तर अर्ध्यात. मध्यात घेतलं की पूर्ण वर्तुळ द्यावं लागतं. म्हणजे तेवढ्याच लांबीच्या टोकाला कोपऱ्यापेक्षा मध्यात चौपट कागद जातो. खोक्यांच्या धंद्यात राहिल्यामुळे असेल, पण असा कागद वाया गेला की मला झोप येत नाही.

मग चौकोन ४५ अंशांत फिरवला. आता मध्यरेषा म्हणजे कर्ण. खालचा कोपरा कंदाला दिला. कोपरा पुढे दुमडला की दुसरा रंग आपोआप वर येतो, वेगळं काही करावं लागत नाही. डावा-उजवा कोपरा मागच्या पायांना, वरच्या दोन कडांवर पुढचे पाय, आणि वरचा कोपरा डोक्याला.

कडेचे २४ भाग धरले. खालच्या कडेचा हिशेब झटकन बसला: कंदाला १६, मागच्या पायाला ४, आणि मधे पाठीसाठी ४. टोकांच्या मधल्या अशा पट्टीला ओरिगामीत 'नदी' म्हणतात. वरच्या कडेवर मात्र ओढाताण होती. पाय ६ भागांचे धरले होते तेव्हा डोक्याला काहीच उरत नव्हतं. वाळक्या मानेवर सुपारीएवढं डोकं. खरा सरडा करायचा असता तर ते चाललं असतं. कार्टूनमध्ये डोकं अंगाच्या मानाने अवाढव्य असतं आणि पाय नावापुरते, तेव्हा पाय ४ वर आणले. मग हिशेब असा झाला: मागचा पाय ४, पाठ ३, पुढच्या पायाचं अर्धवर्तुळ म्हणजे दोन्ही बाजूंना ४ धरून ८, मान २, डोकं ७. बेरीज २४.

कानांची सोय शेवटी अगदी साधी निघाली. वरच्या कोपऱ्याचं टोक मागे दुमडलं की तिथे आडवी कड तयार होते. त्या कडेची दोन टोकं उचलली की झाले कान. पहिलीतली पोरं मांजराचं तोंड करतात ती हीच युक्ती. सगळा अवघड पसारा मांडल्यावर मोक्याच्या जागी बालवाडीतली घडी कामाला येते, आणि मला तरी त्यात कमीपणा वाटत नाही.

२४ भाग पाडायचे म्हणजे आधी तीन, मग निम्मे, निम्मे, निम्मे. तीन समान भाग पट्टीशिवाय पाडायची एक फार देखणी रीत काझुओ हागा या जपानी जीवशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. चौकोनाचा खालचा उजवा कोपरा उचलून वरच्या कडेच्या बरोबर मध्यावर टेकवायचा. खालची कड आता तिरपी होते आणि डाव्या कडेला जिथे छेदते तो बिंदू वरच्या कोपऱ्यापासून बरोबर दोन तृतीयांशावर येतो. वर उजवीकडे जो काटकोन त्रिकोण उघडा राहतो, त्याच्या बाजू ३, ४, ५ या प्रमाणात असतात. मी हे कारखान्यातल्या एका नव्या पोराला टाकाऊ कागदावर करून दाखवलं, तर तो जेवणाची सुट्टी संपेपर्यंत पट्टी लावून तपासत बसला होता.

घड्यांचा आराखडा, म्हणजे क्रीज पॅटर्न, कागदावर उतरला तरी तो मिटेलच असं नाही. त्यासाठी दोन तपासण्या आहेत आणि दोन्ही शाळकरी गणिताच्या. एका बिंदूत जितक्या घड्या येतात, त्यांतल्या डोंगर-घड्या (कड वर येणाऱ्या) आणि दरी-घड्या (कड आत जाणाऱ्या) यांच्या संख्येत बरोबर दोनचा फरक हवा. हा माएकावा यांचा नियम. आणि त्या बिंदूभोवतीचे कोन एकाआड एक घेऊन बेरीज केली तर ती १८० अंश भरली पाहिजे. हा कावासाकी यांचा. माझ्या आराखड्यात पुढच्या पायाच्या बगलेत एक बिंदू होता. तिथे चार घड्या, कोन ४५, ९०, १३५ आणि ९०. एकाआड एक बेरीज १८०, दुसरी जोडीही १८०. म्हणजे कोन बरोबर. पण घड्या दोन डोंगर आणि दोन दरी अशा आल्या होत्या. अशा बिंदूवर कितीही जोर लावा, कागद सपाट मिटत नाही, चुरगळतो. एक दरी उलटवून डोंगर केली, तीन-एक झालं, आणि बगल सुतासारखी मिटली. मात्र ती घडी पुढे पाठीपर्यंत जात होती, त्यामुळे तिथपर्यंतचे सगळे बिंदू पुन्हा तपासावे लागले. हे काम कंटाळवाणं आहे. गाणी लावून करावं.

मिटवणं हा यातला सगळ्यात मजेशीर भाग आणि लिहून सांगायला सगळ्यात कठीण. पुस्तकातली ओरिगामी एकामागून एक घडी अशी पुढे सरकते. आराखड्यावरून मिटवताना तसं नसतं. सगळ्या घड्या आधी मोडून घ्यायच्या, प्रत्येक योग्य दिशेने, आणि मग संपूर्ण कागद एकदम गोळा करायचा. दोन्ही हातांची दहाही बोटं गुंतलेली असतात, तेवढ्यात डाव्या करंगळीखालची घडी उलटी वळते. मी कपड्यांचे छोटे चिमटे लावतो. मागचे पाय आधी गोळा करून चिमट्यात धरायचे, मग पाठीची नदी, आणि पुढचे पाय शेवटी, कारण सगळा ताण तिथे येऊन साचतो. मिटलेला कागद हातात येतो तेव्हा त्यात बल्बासोर अजिबात दिसत नाही. चार आखूड टोकं, एक चपटं डोकं आणि मागे भलीमोठी पोपटी जीभ लोंबतेय, एवढंच.

सरावासाठी मी पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद वापरतो. स्वस्त, दणकट, आणि चूक सोसणारा. पण त्याच्यावर एक गोष्ट सारखी खटकत होती. डाव्या बाजूच्या काही घड्या धारदार बसायच्या आणि उजव्या बाजूला त्याच घड्या फुगून उघडायच्या. हात तोच, आराखडा दोन्हीकडे सारखा. हे कोडं मला खोक्यांच्या धंद्याने सोडवून दिलं. कागदाला ग्रेन असते. गिरणीत कागद तयार होताना तंतू बहुतांश एका दिशेला झोपतात. त्या दिशेला समांतर घडी चटकन बसते, आडवी घडी कुरकुर करते. सरळ चौकोनावरच्या मांडणीत याने फारसं बिघडत नाही, कारण डावी घडी आणि तिची उजवी जोडीदार या दोघींना ग्रेन सारखीच भेटते. पण माझी मध्यरेषा कर्ण होती. कर्णावर आरसा धरला की आडवी घडी उभी होते. म्हणजे डावीकडची जी घडी ग्रेनला समांतर, तिची उजवी जोडीदार बरोबर ग्रेनच्या आडवी.

ग्रेन ओळखायची असेल तर कागद फाडून बघा. एका दिशेला सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेला वेडावाकडा. मग ताव असा कापला की ग्रेन कर्णाच्या दिशेने जाईल. कागद बराच वाया गेला, तरी दोन्ही बाजू एकसारख्या बसायला लागल्या.

शेवटच्या नगासाठी हा तोडगा नको होता, कारण तो कागद मला स्वतःच तयार करायचा होता. दोन रंगांचा, मोठा, पातळ आणि तरी ताठ कागद आपल्याकडे सहज मिळत नाही. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत विचारलं तर घोटीव कागद दाखवतात, एका बाजूने रंगीत आणि दुसऱ्या बाजूने पांढरा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद देखणा असतो, मोठ्या सुट्या घड्यांना मला तो फार आवडतो, पण इतके थर त्याला सोसणार नाहीत. थरांचा हिशेब करून बघा: झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड. पायात दहा थर आले की एक मिलिमीटर झाला, आणि अख्खा पाय जेमतेम बोटाच्या पेराएवढा. वळणार कसा?

म्हणून दोन टिश्यू एकमेकांना चिकटवून एक कागद करायचा. परदेशातले लोक मिथाइल सेल्युलोज वापरतात. मी सीएमसी वापरतो, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. केमिकलच्या दुकानात पुडीत मिळतं. पाण्यात हळूहळू ढवळून रात्रभर ठेवलं की सकाळी पारदर्शक खळ तयार. कुणी म्हणेल, डिंक नको म्हणाला होतास. तो नियम घड्यांसाठी. कागद कसा तयार झाला हा कागदाचा प्रश्न.

आधी पतंगाचा कागद घेऊन पाहिला, कारण रंग झकास असतात. खळ लागली आणि पोपटी रंग सुटून निळ्यात उतरला. सेंटर टेबलच्या काचेवर जे झालं ते पाहून बायकोने फक्त हातात फडकं दिलं. मग पांढरा टिश्यू आणून त्यावर अॅक्रिलिक रंग पातळ करून आधी दोन्ही ताव रंगवले. अॅक्रिलिक एकदा वाळला की पाण्याने हलत नाही. पहिला ताव काचेवर पालथा, रुंद ब्रशने मधून कडांकडे खळ, त्यावर दुसरा ताव हळूच सोडायचा. तो सोडताना पंखा बंद आणि घरातली माणसं दुसऱ्या खोलीत. दुसरा ताव मी पहिल्याच्या काटकोनात लावला, म्हणजे एकाची ग्रेन उभी तर दुसऱ्याची आडवी. प्लायवूडमध्ये थर असेच आलटून पालटून घालतात. पूर्ण वाळला की काचेवरून सोलून काढायचा. असा कागद घडी धरतो, फाटत नाही, आणि डावं-उजवं करत नाही.

मधे अॅल्युमिनियम फॉइल घालावी असंही पुष्कळ जण सांगतात. आकार देताना तिचा फायदा होतो, हे खरंय. पण फॉइलवर चुकून पडलेली घडी कायमची, आणि माझ्या आराखड्यात घडी उलटवायचे प्रसंग बरेच. शिवाय अंगाला ती एक पत्र्यासारखी चकाकी येते. बल्बासोरला ती शोभत नाही. चारिझार्ड या दुसऱ्या पोकेमॉनच्या पंखांना कदाचित शोभेल.

कंदाला आकार देणं हाच या सगळ्या उद्योगाचा आत्मा होता. मागे लोंबणारी पोपटी जीभ पुढे पाठीवर घ्यायची, पण सपाट दुमडली तर नुसती घडी घातलेली गोधडी दिसते. कंद फुगीर हवा, खाली गोल आणि वर टोकदार. शेवटी जमलं ते उकडीच्या मोदकाच्या कळ्यांसारखं. जिभेच्या मुळाशी अंगठ्याने खळगा करायचा, कडेने चुण्या घ्यायच्या, प्रत्येक चुणी आधीच्या चुणीवर किंचित चढवायची आणि सगळ्या वर नेऊन टोकाशी पिळायच्या. चुण्यांची संख्या महत्त्वाची आहे. कमी घेतल्या तर पेटी दिसते, जास्त घेतल्या तर वर इतका कागद जमतो की टोक बसतच नाही. खऱ्या चित्रातही कंदावर खालून वर जाणाऱ्या रेषा आहेत, त्यामुळे या चुण्या लपवाव्या लागत नाहीत, उलट त्याच शोभतात. इथे खळ पुन्हा उपयोगी पडली: बोटाला किंचित पाणी लावून चुणी दाबायची, आतलं सीएमसी ओलं होऊन पुन्हा वाळतं आणि आकार धरून ठेवतं. ओल्या कागदाला आकार द्यायची ही वाट जपानचे ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा यांनी दाखवलेली. त्यांच्या आधी ओरिगामी बहुतेक चपटी आणि धारदार असायची.

चेहऱ्याला मी फार हात लावला नाही. डोक्यावर एक आडवी चुणी घेतली की खालचा भाग ओठासारखा पुढे येतो. तिची दोन्ही टोकं किंचित वर उचलली की तोंड रुंद होतं आणि हसतं. डोळ्यांच्या जागी दोन तिरप्या घड्या, उजेड बाजूने आला की त्यांची सावली पडते. नखं एकदा करून पाहिली होती, प्रत्येक पायाचं टोक तीन भागांत फाकवून. झाली पण. पण त्यामुळे पाय लांब आणि बारीक दिसायला लागले आणि अख्ख्या प्राण्याची बैठक गेली. काढून टाकली.

खाकी कागदातला एक नग भाच्याला दाखवला होता तेव्हा तो म्हणाला, "बेडूक मस्त झालाय." दोन रंगांतला हातात दिला तर त्याने आधी उलटा करून पोट पाहिलं. पोटाला उभी फट आहे, तिथे कागदाच्या कडा भेटतात. मग सरळ केला, कंदावर बोट फिरवलं.

"नखं कुठेत?"

"नाहीयेत."

"मग याला वाइन व्हिप मारता येईल का?"

वाइन व्हिप म्हणजे कंदाखालून निघणाऱ्या दोन वेली; त्यांनी तो शत्रूला फटकारतो. मी म्हटलं, वेली कंदाखाली आत आहेत, अजून बाहेर आल्या नाहीत. हे त्याला पटलं. वर्गात नेऊ का विचारलं, तर मी खाकी बेडूक दिला.

सोसायटीतल्या एकीने दिवाळीच्या स्टॉलवर हे विकायला ठेवा म्हणून सांगितलं. विकणार नाही. आराखडा माझा असला तरी प्राणी माझा नाही, तो पोकेमॉनवाल्या कंपन्यांच्या मालकीचा आहे. करून देईन, शिकवीन, पैसे घेणार नाही. ओरिगामीतही ही शिस्त आहेच: दुसऱ्याचं डिझाइन घडवलं तर त्याचं नाव सांगायचं.

सध्या पायऱ्यांच्या आकृत्या काढतोय. दरीला तुटक रेघ, डोंगराला रेघ-टिंब, बाण, कागद उलटा करायची खूण. ही चिन्हंही मुळात योशिझावांचीच, पुढे अमेरिकेत सॅम्युएल रँडलेट यांनी ती जगभर रूढ केली. मिटवण्यापर्यंत सगळं चित्रात बसतं. कंदाच्या चुण्या बसत नाहीत. तिथे कागद सपाट उरतच नाही, आणि सपाट नसलेल्या कागदाची बाणाने काढलेली आकृती बघून समोरचा माणूस काहीही करू शकतो. कोल्हापूरच्या एका मित्राला कच्च्या आकृत्या पाठवल्या होत्या. त्याने सगळ्या पायऱ्या नीट केल्या आणि कंदाच्या जागी उत्तम कोबी करून फोटो पाठवला. आता त्या एका पायरीचा व्हिडिओ करायचा ठरलंय.

भाच्याने दरम्यान पुढची फर्माईश सोडलीय: कार्टाना. २०१६च्या गेममधला हा पोकेमॉन दिसायलाच कागदाच्या घडीचा आहे, उंची ०.३ मीटर, वजन ०.१ किलो. "हा तर सोपाच आहे ना मामा, तो आधीच ओरिगामी आहे." त्याच्या हातांची पाती बघून मी कोपऱ्यांचा हिशेब मांडायला घेतलाय. तोपर्यंत कुणाला बल्बासोर करून बघायचा असेल तर पहिला नग खाकी कागदात करा, कडेला ३६ सेंटिमीटर घ्या, म्हणजे २४ भागांतला एकेक दीड सेंटिमीटरचा येतो. त्याहून लहान कागदात पुढचे पाय वळत नाहीत. आणि ताव कापण्याआधी एक कोपरा फाडून ग्रेन बघून घ्या.